ठकठकीचे रसग्रहण

नाटकाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं, गाण्याच्या मैफलीचं होतं. दिवाळी अंकांचं तर दिवाळी संपल्यावर तीन महिने चालू असतं. पण ज्या ध्वनिप्रकाराने मध्यमवर्गीय मराठी माणसाची सर्वात जास्त झोप उडवली आहे, त्या मोटारीच्या इंजिनातल्या ठकठकीचं रसग्रहण कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. वास्तविक मैफल रंगली नाही तर तंबोरे जुळतायत तोवर चपला शोधून बाहेर पडता येतं. ठकठक रंगली नाही तरी ऐकणाऱ्याला जागचं हलता येत नाही. कारण स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं आणि शेवटी बिदागीही त्यालाच द्यायची असते.

ही उणीव भरून काढण्याचं काम मी अंगावर घेत आहे. माझी पात्रता सांगतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली वीस वर्षं बँकेत कारकुनी करतो. मला संगीतातलं कळत नाही आणि यंत्रातलंही कळत नाही. एकातलं कळत नसलं की माणूस श्रोता होतो. दोन्हींतलं कळत नसलं की समीक्षक व्हायला हरकत नसते.

गाडी कुठल्या कंपनीची, हे मात्र सांगणार नाही. खातेदाराचं नाव चारचौघांत फोडायचं नसतं, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. गाडी सोळा वर्षांची आहे, चार सिलिंडरची आहे, पेट्रोलवर चालते आणि तिच्यावर आता एक पैशाचं कर्ज नाही, एवढ्या तपशिलावर वाचकांनी समाधान मानावं.

मैफलीचं ठिकाण वडिवळे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना कामशेतला जुना हमरस्ता सोडून आत वळलं की आपण नाणे मावळात शिरतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, पुढे वडिवळ्याचं धरण, भोवती डोंगर, आणि अशी शांतता की पुणेकराला पहिली पाच मिनिटं आपल्या कानातच काहीतरी बिघडलंय असं वाटतं. पुण्यात स्वतःच्या गाडीचा आवाज कधीच ऐकू येत नाही, कारण इतरांच्या गाड्यांचे येत असतात. गाडी आजारी आहे की नाही हे कळायला म्हणूनच तिला हवापालटाला न्यावं लागतं.

वडिवळ्याला माझी मावशी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलेला, सोमवारी सकाळी पुण्यात शस्त्रक्रिया ठरलेली. तिला आणायला रविवारी आम्ही तिघं निघालो होतो: मी, आमची ही आणि हिचा धाकटा भाऊ. कामशेत मागे पडलं, मावशीचं घर हाकेच्या अंतरावर आलं आणि इंजिनातून कोणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज येऊ लागला. आधी अदबीने, शेजारीण विरजण मागायला आल्यासारखा. मग हप्ते थकल्यावर वसुलीला आल्यासारखा. हा फरक आमच्या धंद्यातला असल्यामुळे मला ताबडतोब कळतो. अंगणात शिरताच मी इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं.

आपल्याकडे दोन गोष्टींना आमंत्रण न देता माणसं जमतात. एक भांडण आणि दुसरं उघडं बॉनेट. पाच मिनिटांत अंगणात सहा-सात समीक्षक हजर झाले. आता या समीक्षेचीच समीक्षा करायची आहे. पण त्याआधी परिभाषेचा घोळ निस्तरायला हवा.

आवाजांच्या बाबतीत मराठी ही फार श्रीमंत भाषा आहे. टिकटिक, टकटक, खटखट, ठकठक, खडखड, धडधड, खुळखुळ, घरघर. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. टिकटिक घड्याळाची, टकटक बोटाच्या पेराने काचेवर केलेली, ठकठक मुठीने दारावर, खुळखुळ डब्यातल्या सुट्या वस्तूची, आणि घरघर बहुतेक शेवटची. एवढा खजिना घरात असताना गाडीचं बॉनेट उघडलं की आपण तो कुलूपबंद करतो आणि एकच शब्द उसना आणतो: नॉकिंग.

उसनवारीचा तोटा असा की या एका शब्दाच्या पोटात दोन वेगळे आजार नांदतात. पहिला जळण्याचा ठोका. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीपासून सुरुवात करून क्रमाने पेटत जायचं असतं. पगाराच्या दिवशी आमच्या काउंटरपुढची रांग जशी सरकायला हवी, तसं. पण कोपऱ्यातलं शेवटचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने तापलं की कधी कधी आपली पाळी येण्याआधीच भसकन पेटतं. धक्क्याची लाट उठते आणि सिलिंडरच्या भिंती टणटणू लागतात. हा आवाज चढावर, वरच्या गियरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येतो. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. खंडाळ्याच्या घाटात आमच्या वडिलांच्या पिढीने तो पुष्कळ ऐकला. खालचा गियर टाकला की तो बहुधा थांबायचा.

दुसरा लोखंडाचा ठोका. पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, खाली क्रँकला धरून फिरतो. त्या दोघांमध्ये बेअरिंगची एक पातळ वाटी असते आणि वाटीत तेलाचा त्याहून पातळ पडदा. जावा-सासवांच्या घरात एखादी समजूतदार आत्या मध्ये असावी, तशी ही वाटी. ती झिजली की फट वाढते, आणि मग दर फेरीला दांडा क्रँकवर आपटतो. पहिला ठोका म्हणजे पेट्रोल, ठिणगीची वेळ किंवा साचलेली काजळी यांची तक्रार आहे. दुसरा हाडाचा आजार आहे. पहिल्यात गाडी जपून चालवता येते. दुसऱ्यात चालवायचीच नसते. तरी चालवली तर दांडा तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडून बाहेर येऊ शकतो आणि मग दुरुस्तीला इंजिन उरत नाही. नाव एक, रोग दोन, आणि औषधांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून समीक्षकाची जबाबदारी मोठी.

तर आता समीक्षक.

पहिला पंथ संहारवाद्यांचा. प्रतिनिधी, आमचा मेव्हणा. त्याने अकरा सेकंद कान दिला आणि निकाल जाहीर केला, "भाऊजी, रॉड नॉकिंग! इंजिन गेलं!" दोन मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घालून तो पुन्हा वर आला आणि म्हणाला, "किंवा इथेनॉल." आता, पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं हे खरं आहे आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांबद्दल, अ‍ॅव्हरेजबद्दल लोक कुरकुरतात तेही खरं आहे. पण ठोक्याच्या बाबतीत इथेनॉल उलट सज्जन आहे. वेळेआधी न पेटण्याचा त्याचा गुण, म्हणजे ऑक्टेन, साध्या पेट्रोलपेक्षा वरचा असतो. हे सांगितल्यावर मेव्हण्याने तिसरा व्हिडिओ लावला. पुढे काय निघालं हे ज्यांना आधीच कळलं असेल, ते म्हणतील की त्याचं पहिलं वाक्य बरोबरच होतं. होतं. परंतु ज्याला आपलं बरोबर वाक्य दोन मिनिटंसुद्धा धरून ठेवता आलं नाही, त्याला गुण कशाचे द्यायचे? उत्तर जुळलं, रीत नव्हती. आमच्या वेळच्या गणिताच्या मास्तरांनी अशा पेपरवर मोठं शून्य काढलं असतं आणि खाली "कॉपी?" असं लिहिलं असतं.

दुसरा पंथ समाधानवाद्यांचा. शेजारचे एक निवृत्त काका दात कोरत म्हणाले, "अहो, जुनी गाडी वाजायचीच. आपले गुडघे वाजत नाहीत का? गाणी जरा मोठ्याने लावा आणि हळूहळू जा पुण्याला." या पंथाला वाचकांनी कमी लेखू नये. आवाज ऐकू आला नाही म्हणजे दुखणं गेलं, हा विचार थेट अमेरिकेपर्यंत पोचलेला आहे. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली नावाच्या गृहस्थांनी १९२१ साली शोध लावला की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं की जळण्याचा ठोका बंद होतो. १९२३पासून ते पेट्रोल विकायला आलं. ठोका खरोखरच गेला. इंजिनं जोमदार झाली. फक्त शिसं धुरातून बाहेर पडून लोकांच्या फुप्फुसांत आणि पोरांच्या रक्तात गेलं. ते विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ साली ते तयार करणारे कामगार दगावले होते. तरी ते पंपांवरून हटवायला आपल्याकडे फेब्रुवारी २००० उजाडला, आणि जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, ते थांबवलं २०२१ साली. गाणी मोठ्याने लावण्याची ही सर्वात महाग पडलेली पद्धत. काकांना मी हे सर्व सांगितलं. ते म्हणाले, "मग जुनी गाणी लावा."

तिसरा पंथ सुटे भागवाद्यांचा. गावात टेम्पो असलेला एक उत्साही तरुण म्हणाला, "आधी प्लग टाका. नाय गेला तर टॅपेट करून घ्या. नाय तर माउंटिंग. मग बेल्ट. मग बघू." कवितेतला कुठला शब्द खटकतो ते न शोधता ओळीमागून ओळ बदलत जायची आणि शेवटी कविता चांगली झाली तर आपण सुधारली म्हणायचं, अशातली ही समीक्षा. तिच्यात अप्रामाणिक काही नाही. मात्र ती पूर्णपणे दुसऱ्याच्या खिशातून चालते. शहरात या पंथाची पुष्कळ वातानुकूलित दुकानं आहेत आणि तिथे बसायला सोफा असतो.

इथे मला बँकेतला दाखला द्यावासा वाटतो. संध्याकाळी जमा आणि नावे या दोन बाजूंची बेरीज जुळली नाही की नवा कारकून काय करतो? पहिल्या पानापासून सगळी खाती पुन्हा तपासायला घेतो. रात्रीचे नऊ वाजतात, शिपाई जांभया देतो, फरक तसाच. जुना कारकून खात्याला हातच लावत नाही. तो आधी फरकाच्या रकमेकडे बघत बसतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जातोय? मग कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असणार. ५४च्या जागी ४५ लिहिलं की फरक नऊचा पडतो, ८२०च्या जागी २८० लिहिलं की ५४०चा, आणि त्यालाही नऊने भाग जातोच. नऊने जात नाही, पण दोनने जातोय? मग फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. ती चुकीच्या बाजूला पडली असेल. चूक स्वतःबद्दल बरंच सांगत असते, पण तिला बोलू द्यावं लागतं. आता ही बेरीज संगणक करतो, त्यामुळे आम्ही घरी लवकर जातो. पण रकमेकडे बघत बसणारे ते डोळे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत.

चौथं परीक्षण आमच्या हिचं. बॉनेटकडे न बघताच ती म्हणाली, "पुण्यातून निघताना आवाज नव्हता. तळेगावला चहाला थांबलो तेव्हा नव्हता. वडगाव सोडल्यावर मला एकदा वाटलं होतं. इंजिन नीट तापल्यावर आलाय हा." लग्नापासूनच्या सर्व घटनांची तारीखवार नोंद हिच्याकडे व्हाउचरसकट असते, हे मला ठाऊक होतं. ती नोंद इंजिनाचीही असेल अशी कल्पना नव्हती. अंगणात एवढा वेळ सगळे 'काय' सांगत होते. 'केव्हा' सांगणारी ही पहिली.

आणि पाचवं परीक्षण मावशीचं. तिला गाडी धड दिसतही नव्हती. पडवीत खांबाला टेकून बसली होती ती. मी क्षणभर इंजिन चालू करून बंद केल्यावर म्हणाली, "अरे, हे खालून वाजतंय. वरचं नाही. उखळात मुसळ सैल हाताने पडलं की असं वाजतं. घाव तोच, पण जागेवर बसत नाही." लहानपणी घरचं भात कांडून खाल्लेली बाई. मावळातल्या भाताचा गोडवा सगळे गातात. वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ घ्यायला पुण्याहून माणसं गाड्या काढून येतात. पण भाताने इथल्या बायकांचे कान किती तयार केले, याचं कौतुक कुठे वाचलेलं नाही. मावशीने रोगाचं नाव घेतलं नाही. तिला ते ठाऊकच नव्हतं. तिने फक्त ऐकलं ते सांगितलं.

खरं तर वाजवून पारख करणं ही आपली घरगुती विद्या आहे. माठ आपण टिचकी मारून घेतो, कलिंगड थापटून घेतो, नारळ कानाशी हलवून घेतो. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखण्याची रीत मांडली. त्याचे वडील खाणावळ चालवायचे आणि पिंपात दारू किती उरली हे ठोकून बघायचे, असं सांगतात. पैशांचंही तेच. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली, तोवर तो दगडावर आपटून त्याचा नाद ऐकून घ्यायची पद्धत होती. खणखणीत माणसाला आपण अजून खणखणीत नाणं म्हणतो ते त्यामुळे. नाणे मावळात येऊन नाणं वाजवून घ्यायची आठवण व्हावी, यात मी मुद्दाम कोटी करत नाही. नकाशाने केलेली आहे.

शेवटी कामशेतहून मेस्त्री आले. ट्रॅक्टर, टेम्पो, पंप, जे काही वाजतं ते सगळं दुरुस्त करणारे गृहस्थ. वय साठीच्या पुढे. मोटारसायकलवर एक पिशवी. मला वाटलं, येतायत ते थेट बॉनेटमध्ये शिरतील. ते पडवीत मावशीशेजारी बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "सायेब, उबी आस्ताना बी वाजती, का चालतानाच?"

"उभी असतानाही वाजते."

"मंग चाकाचं काम न्हाय. रेस केल्यावर ठोकं वाढत्यात?"

"वाढतात."

"मंग इंजिनातच हाय. थंडीत जास्ती का तापल्यावर?"

इथे आमच्या हिने आपली साक्ष पुन्हा दिली. मेस्त्रींनी मान हलवली. पिस्टन ढिला असेल तर सकाळी इंजिन थंड असताना वाजतं आणि तापलं की गप्प होतं. इथे उलटं होतं. तापल्यावर तेल पातळ होतं आणि झिजलेली फट उघडी पडते.

"चढावर जोर दिल्यावरच, का पाय उचलल्यावर बी?"

"पाय उचलल्यावरही. उलट तेव्हा जास्त."

"मंग पेट्रोलचं न्हाय," असं म्हणून त्यांनी मेव्हण्याच्या मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "आन् टकटक हाय का ठकठक?"

मला गहिवरून आलं. सकाळपासून हा प्रश्न मराठीत विचारणारा पहिला माणूस. वरचं टॅपेट क्रँकच्या निम्म्या वेगाने उघडझाप करतं. त्याचा आवाज बारीक आणि संथ. खालचा ठोका दुप्पट घाईचा आणि जाड. मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "ठकठक. आणि खालून."

तेव्हा कुठे मेस्त्री उठले. तेलाची दांडी काढून पाहिली. तेल पुरेसं होतं. गाडी दोनच मिनिटं चालू ठेवली. पिशवीतून लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाशी टेकवली. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि तिचा पुढे स्टेथोस्कोप झाला. मेस्त्रींनी सुरळीवर वेळ घालवलेला नाही. वर ऐकलं, बाजूला ऐकलं, खाली तेलाच्या चेंबरपाशी ऐकलं आणि तिथे थांबले. मग रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काही सेकंद काढून पुन्हा बसवत गेले. (वाचकांनी हे घरी करू नये. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात आणि आपण सगळे विमा असलेलेच असू असं नाही.) पहिली काढली; ठोका तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढली आणि ठोका एकदम मवाळ झाला. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटेनासं झालं, दांड्यावरचा जोर गेला, म्हणून आपटणं कमी झालं. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले आहेत. संवाद तीन सिलिंडरांचा चालू होता, विरोध तिसऱ्या नंबरचा होता, आणि समतोल माझा गेला होता.

"तीन नंबरचं बिग एंड," मेस्त्री म्हणाले. "किल्ली काढा, सायेब. एक किलोमीटर बी चालवू नका."

मेव्हणा म्हणाला, "हळूहळू पुण्यापर्यंत?"

"हळू गेलं काय आन् जोरात गेलं काय, दांडा तेवढाच आपटतोय की."

समीक्षेत निर्णयाला महत्त्व असतं, असं म्हणतात. पण निर्णयाची किंमत किती जणांना मोजावी लागते? कादंबरीला चांगलं म्हणून चुकलेल्या समीक्षकाच्या खिशातून काही जात नाही. इथे मात्र पुढच्या पन्नास किलोमीटरमध्ये इंजिन ब्लॉक फोडून बाहेर आलं असतं, गाडीत अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई असती आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेची वेळ टळली असती ती वेगळीच. मावशी हिच्याबरोबर कामशेतहून लोकलने पुण्याला गेली. गाडी ट्रॅक्टरमागे टोचन करून कामशेतला गेली. सोळा वर्षांत ती इतकी शांत कधीच धावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चेंबर उतरवला. तिसऱ्या नंबरच्या वाटीचा वरचा मुलामा जाऊन आतलं तांबं दिसत होतं. क्रँक मापून पाहिला, ओरखडा नव्हता. चारही दांड्यांच्या वाट्या नव्या टाकल्या. इंजिन बाहेर काढावं लागलं नाही.

निष्पक्षपातीपणासाठी यंत्रांबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. बऱ्याच नव्या गाड्यांत ठोका ऐकणारा सेन्सर इंजिनावरच बसवलेला असतो. जळण्याचा ठोका ऐकू आला की तो गाडीतल्या संगणकाला कळवतो आणि संगणक ठिणगीची वेळ किंचित मागे घेतो, आपल्याला पत्ताही न लागता. उत्तम सोय आहे. स्कॅनर लावला की बिघाडाचा आकडाही पडद्यावर येतो. पण वाटी झिजली याचा सरळ आकडा त्यात नसतो, कारण तिच्यापाशी तार गेलेली नाही. जिथे तार गेली आहे तिथलंच यंत्र सांगणार. बाकीचं कोणीतरी बसून ऐकावं लागतं. मेस्त्रींचा मुलगा स्कॅनर उत्तम चालवतो. स्क्रूड्रायव्हर कानाला लावताना मात्र तो थोडा लाजतो. गिऱ्हाइकाला ते गावठी वाटतं म्हणे.

तर गुण. रसग्रहण आठ गुणांचं धरू. संहारवाद्याला शून्य, समाधानवाद्याला शून्य, सुटे भागवाद्याला चिकाटीचा अर्धा. आमच्या हिला दोन, मावशीला दोन. मेस्त्रींना आठपैकी आठ द्यायला मी तयार होतो. पण बाकीच्यांचे मिळून साडेबारा होतात, आणि माझी बेरीज आयुष्यात प्रथमच आनंदाने चुकली.

राहिलं बिल. वाट्या, तेल, फिल्टर, गॅस्केट, मजुरी, आणि शेवटच्या ओळीत "ग्रीस, रु. ३००". मी आकड्यांचा माणूस. इंजिन उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी बाजूला स्टुलावर बसून होतो; ग्रीसचा डबा कोणी उघडला नव्हता. तसं विचारलं.

मेस्त्री हात पुसत म्हणाले, "ते वडिवळ्याला येऊन ऐकलं त्याचं हाय, सायेब. 'तपासणी' लिवलं की गिऱ्हाईक भांडतं. म्हनतं, ऐकायचं कसलं पैसं? ग्रीसला कोन काय म्हनत न्हाय."